लायसन्स : तिथलं आणि इथलं

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटवाली, म्हणून मराठीत चुका झाल्या तर सांभाळून घ्या. पण विषय आपल्या सगळ्यांचा आहे.

हॉस्टेलमध्ये कुणालाही विचारा, फायनल इयरनंतर काय? उत्तर येईल, "एमएस! जर्मनी नाहीतर अमेरिका." व्हिसाला कोणते कागद लागतात ते सगळं पाठ. आणि तेच लोक रात्री मित्राच्या गाडीवर ट्रिपल सीट चहाला निघतात, लायसन्स एकाकडेही नसतं!

माझा मावसभाऊ जर्मनीत शिकायला गेला. तिथे राहायला गेल्यावर आपलं लायसन्स फक्त सहा महिने चालतं. पुढे लेखी आणि गाडी चालवायची, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. दादा पहिल्यांदा नापास झाला. कारण काय, तर वळताना मान वळवून मागे पाहिलं नाही! दुबईतही रेसिडेन्स व्हिसा मिळाला की तिथलंच लायसन्स काढावं लागतं. आपल्या आरटीओकडून इंटरनॅशनल परमिट मिळतं, पण ते जास्तीत जास्त एक वर्षाचं, आणि इथलं लायसन्स असेल तरच.

"मग तिकडे गेल्यावर शिकू," असं म्हणू नका. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे लायसन्स आणि थर्ड पार्टी इन्शुरन्स इथेही सक्तीचे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर लायसन्स नसेल तर दंड ५००० रुपये. दंडाचं सोडा. लायसन्स नसलेल्या मित्राला मालकानं माहीत असून गाडी दिली आणि कुणाला उडवलं, तर इन्शुरन्स कंपनी जखमीला दिलेले पैसे मालकाकडून वसूल करू शकते. आणि मालक कोण? आरसी बुकवर बहुतेकांच्या बाबांचं नाव असतं. कापूस विकून गाडी घेऊन देणाऱ्या बाबांचं!

खरं सांगू? मागच्या वर्षापर्यंत मीही मैत्रिणीची स्कूटी अशीच फिरवायचे. दादाचा किस्सा ऐकला आणि लाज वाटली. २०२१ पासून लर्निंगची परीक्षा घरबसल्या ऑनलाइन देता येते. तीस दिवसांनी पक्क्या लायसन्सची टेस्ट. सेमिस्टरमधला एक दिवस जातो, बस्स.

सरांना एक विनंती, कॉलेजमध्ये वर्षातून एकदा लायसन्स कॅम्प घ्या. आणि मित्रांनो, चावी मागणाऱ्याला आधी विचारा, "लायसन्स आहे का रे?" राग आला तर येऊ द्या.