वजन उतरले, ताकद कुठे गेली?

विलायतेत स्थायिक झालेल्या आपल्या नातलगांकडून हल्ली जी खुशाली येते, तिच्यात वजनाची बातमी हमखास असते. कोणाचे दहा किलो उतरले, कोणाचे पंधरा. जून २०२५ पासून इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत फॅमिली डॉक्टरांमार्फतही ‘मौंजारो’ हे वजन घटवणारे इंजेक्शन काही रुग्णांना मिळू लागले. स्वतःच्या पैशाने ते घेणारे त्याआधीपासूनच पुष्कळ आहेत. १९६० आणि १९७० च्या दशकांत परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी या बेटावरून जी मुले-मुली तिकडे गेली, ती आज सत्तरी-ऐंशीची झाली आहेत. मधुमेह, रक्तदाब, गुडघे यांपायी वजन कमी करा असे डॉक्टर त्यांना सांगतात. आमचे म्हणणे त्या सल्ल्याविरुद्ध नाही. वजन उतरते तेव्हा अंगातून नेमके काय जाते, हे मात्र घरात कोणी विचारत नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

चरबी एकटी जात नाही. उतरलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा, काही औषधांच्या चाचण्यांत त्याहूनही बराच अधिक, चरबीखेरीजचा असतो आणि त्यात स्नायू येतात. तरुण माणूस ही झीज भरून काढतो. सत्तरीच्या माणसाचे स्नायू वयानेच कमी होत असतात. उपचार थांबून वजन पुन्हा चढले तर स्नायूंपेक्षा चरबीच अधिक परतते. जेवणातली साखर रक्तातून उचलून साठवण्याचे मोठे काम स्नायूच करतात, तेव्हा मधुमेह्याने ते गमावणे दुहेरी तोट्याचे.

आपल्या वंशाच्या लोकांजवळ ही पुंजी मुळातच बेताची असते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपले दोघांचे छायाचित्र छापले होते. उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, अगदी सारखा. पण यूडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! यूडकिन मॅरेथॉन धावणारे होते. याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे रोज सकाळी लिफ्टचे दार बंद होण्याआधी ती गाठणे, अशी थट्टाही त्यांनी तिथेच करून ठेवली आहे. दक्षिण आशियाई वंशाच्या माणसासाठी ब्रिटनमध्ये धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ वर धरतात, ती याच प्रकारच्या कारणांनी. वजनाच्या काट्याला हा फरक दिसत नाही.

काही आठवडे फक्त सूप आणि शेक घेऊन मधुमेह मागे हटवण्याची पद्धत न्यूकॅसल आणि ग्लासगो येथील संशोधकांनी २०१७ साली सिद्ध करून दाखवली. निम्म्याच्या जवळपास लोकांचा मधुमेह वर्षभरात मागे हटला. मोठे काम आहे. परंतु त्या चाचणीत ६५ वर्षांपर्यंतचेच लोक होते, आणि आरोग्यसेवेने त्यावर उभारलेल्या कार्यक्रमाची मर्यादाही ६५ च आहे. मुलीला गुण आला म्हणून बहात्तर वर्षांच्या आईने तीच पुडी घरी कालवून घेणे हा निराळाच प्रयोग झाला, आणि त्यावर कोणा डॉक्टरची नजर नसते.

मग वृद्धांनी वजन उतरवूच नये काय? तसे नाही. २०१७ सालीच अमेरिकेत १६० स्थूल वृद्धांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. व्यायाम करणाऱ्या सर्व गटांचा आहारही कमी केला होता. जे केवळ चालण्यासारखा व्यायाम करत होते त्यांचे चरबीखेरीजचे वजन ५ टक्क्यांनी घटले. वजने उचलणाऱ्यांचे २ टक्के, दोन्ही करणाऱ्यांचे ३ टक्के. चालण्या-उठण्याच्या क्षमतेत मात्र दोन्ही करणारेच सर्वांच्या पुढे राहिले. ब्रिटनच्या चारही प्रदेशांच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१९ साली दिलेल्या सल्ल्यातही, आठवड्यातून निदान दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा, असे वृद्धांनाही सांगितले आहे. त्यासाठी व्यायामशाळाच पाहिजे असे नाही. बाजाराच्या जड पिशव्या उचलणे आणि बागेत खणणे हेही त्यात धरले आहे.

इथे आपली रीत आडवी येते. पाहुणी म्हणून आलेल्या आजीने पिशवीला हात लावला की सून धावत येऊन ती काढून घेते. ‘तुम्ही बसा, आजी.’ पातेले नातू उचलतो, जिन्याऐवजी बिछाना खालच्या मजल्यावर येतो. हा मान आहे, प्रेम आहे, यात शंका नाही. आणि याच प्रेमाने कित्येक धडधाकट म्हातारी माणसे खुर्चीला खिळली आहेत. ज्यांना झेपते त्यांच्या हातातले ओझे काढून घेऊ नका, असे आम्ही सुनांना, आणि मुलांनाही, आग्रहाने सांगू.

ताटाचेही पाहिले पाहिजे. इंजेक्शनाने भूक मरते. मग चहा-बिस्किटावर दिवस निघतो. वृद्धांना शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने हवीत असे युरोपातील आहारतज्ज्ञांनी २०१४ साली म्हटले. साठ किलोच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ७. गणेश चतुर्थीपूर्वी मांस-मासळी बंद करणाऱ्या घरांत तर डाळ घट्टच शिजली पाहिजे, पाण्यासारखी नव्हे. जोडीला दही, पनीर, चणे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र प्रमाण डॉक्टरला विचारूनच ठरवावे. आपल्या मधुमेह्यांत तो विकार थोडाथोडका नाही.

आणि काट्याखेरीज दुसरे एक माप घरात ठेवावे. हात छातीशी बांधून, न टेकता, साध्या खुर्चीवरून पाच वेळा उठायचे. पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर पायांची ताकद कमी पडते आहे, असे युरोपीय तज्ज्ञांचे २०१९ चे परिमाण आहे. तोल जाणाऱ्याजवळ कोणीतरी उभे राहावे. इंजेक्शन सुरू होण्याआधी हे सेकंद मोजून वहीत लिहावेत, पुढे दर महिन्याला पुन्हा मोजावेत, आणि आकडा वाढू लागला तर ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जावे.