नळीवरचा २३० कोणता?

नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे धक्के बसू लागले आणि धुंदलवाडी, डहाणू, तलासरी ही नावे राज्यभर गेली. जमिनीखालची हालचाल मोजायला यंत्रे आली, ते योग्यच झाले. पण मृगाच्या तोंडावर आणि परतीच्या पावसात याच पाड्यांवर आभाळ कडाडते. तेव्हा आश्रमशाळेतले संगणक, ग्रामपंचायतीचा राउटर, वाडीतला पंप वाचवायचा, तर नुसते ‘अरेस्टर बसवा’ म्हणून भागत नाही.

गॅस अरेस्टर म्हणजे वाटाण्याएवढी सिरॅमिक नळी; तिच्यात निष्क्रिय वायू असतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले की आत ठिणगी पेटते आणि लोंढा अर्थिंगकडे वळतो. नळीवर २३० लिहिलेले दिसले की ती घरच्या २३० व्होल्टसाठीच आहे असे वाटते, आणि घात तिथेच होतो. डीसी व्होल्टेज सावकाश वाढवत नेले, तर नळी जिथे पेटते तो हा आकडा. घरची एसी वीज मात्र दर आवर्तनात सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत चढते. म्हणजे ही नळी फेज-न्यूट्रलमध्ये एकटी बसवली तर वीज न पडताही पेटेल. पेटल्यावर तिच्यावर जेमतेम १०-२० व्होल्ट उरतात, बाकी सारा प्रवाह धो धो वाहतो. फ्यूज उडतो; फ्यूज नसेल तर आग. तिथे व्हॅरिस्टर, म्हणजे जादा व्होल्टेजला वाट देऊन पुन्हा आपोआप बंद होणारा भाग, हवा. अँटेना, टेलिफोनची तार ही या नळीची जागा.

शिवाय सर्ज, म्हणजे व्होल्टेजची अचानक उसळी, सावकाश येत नाही. झपाट्याने चढणाऱ्या सर्जला तीच नळी ६००-७०० व्होल्टवर पेटते, आणि तेवढे पुढच्या यंत्राला सोसावे लागते.

नळीच्या क्षमतेपुढे लिहिलेले ‘१० किलोअँपिअर’ हेही अर्धेच वाक्य. कोणत्या लाटेसाठी? ८ मायक्रोसेकंदांत शिखर आणि विसाव्याला निम्मे, अशी ८/२० लाट मानक आहे. आणि किती वेळा? एकदाच सोसणारी आणि दहादा सोसणारी नळी एक नव्हे.

अर्थिंग १० ओहमचे असेल, तर १,००० अँपिअरलाच ते १०,००० व्होल्टवर उचलले जाते. तारांची अर्थिंग वेगवेगळी असतील, तर हा फरक यंत्रावरच येतो; म्हणून यंत्राकडे येणाऱ्या सगळ्या तारांचे अरेस्टर एकाच अर्थिंगला बांधायला हवेत. शेतात उभ्या माणसाला मात्र यातले काहीच वाचवत नाही, त्याने पक्के छप्परच गाठावे.

डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आणि डहाणू व तलासरी या दोन्ही पंचायत समित्यांनी खरेदीच्या निविदेत जागा, व्होल्टेज, लाट आणि किती वेळा हे चारही लिहावे. अर्थिंगचे ओहम दर मे महिन्यात, जमीन कोरडी ठक्क असताना मोजून शाळेच्या नोंदवहीत उतरवावेत.