विश्लेषण : कुत्र्यांच्या ‘डिहायड्रेटेड’ खाद्यात नेमके असते काय? पाकिटावरचे आकडे वाचायचे कसे?

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. लांबलचक बोगद्यामुळे कसारा घाट टळला आणि मुंबईकरांना इगतपुरी आणखी जवळ वाटू लागली. शनिवार-रविवारी बंगल्यावर किंवा भाड्याच्या व्हिलात येणाऱ्या कुटुंबांबरोबर आता कुत्राही असतो आणि त्याच्या खाण्याचा प्रश्नही. दोन दिवसांसाठी चिकन-भात शिजवून आणणे जिकिरीचे. त्यामुळे अर्धा किलोचे हलके पाकीट, त्यातली भुकटी किंवा सुके तुकडे, वर कोमट पाणी, की जेवण तयार, ही सोय अनेकांना पटते. पाकिटावर ‘घरच्यासारखे’, ‘खरे मांस’, ‘शून्य रसायने’ असे काहीबाही लिहिलेले असते. हे खाद्य वाईट नाही. पण सुकवणे ही अन्न टिकवण्याची पद्धत आहे. त्यातून पोषणाची हमी मिळत नाही. ती तपासायची तर पाकिटाची मागची बाजू वाचावी लागते.

टक्केवारी फसवी का ठरते?

सगळी गोम पाण्यात आहे. डबाबंद ओल्या खाद्यात ७५ ते ८० टक्के पाणी असते, तर सुकवलेल्या खाद्यात साधारण आठ-दहा टक्के. समजा, सुक्या पाकिटावर प्रथिने २८ टक्के लिहिली आहेत आणि ओल्या डब्यावर आठ टक्के. ग्राहक अर्थातच पाकीट उचलतो. आता दोन्हींतले पाणी वजा करून पाहू. पाकिटात आठ टक्के पाणी असेल, तर उरलेल्या ९२ भागांत २८ भाग प्रथिने, म्हणजे सुमारे ३० टक्के. डब्यात ८० टक्के पाणी, म्हणजे उरलेल्या २० भागांत आठ भाग प्रथिने, थेट ४० टक्के. ‘गरीब’ दिसणारा डबाच पुढे निघाला. याला शुष्क पदार्थावरचे प्रमाण म्हणतात. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांत होणारे हे गणित केल्याशिवाय दोन खाद्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. अमेरिकेतील ‘आफ्को’ या संस्थेच्या निकषांनुसार प्रौढ कुत्र्याच्या आहारात शुष्क पदार्थाच्या किमान १८ टक्के आणि वाढत्या पिल्लाच्या आहारात किमान २२.५ टक्के प्रथिने हवीत. बहुतेक पाकिटे ही पायरी सहज ओलांडतात. तेव्हा नुसत्या मोठ्या आकड्याला भुलण्याचे कारण नाही.

आकडा कुठून आला, हेही महत्त्वाचे. पाकिटावरचे ‘क्रूड प्रोटीन’ हे बहुधा नायट्रोजन मोजून काढलेले असते. नायट्रोजन मांसाचा की आणखी कशाचा, हे ती चाचणी सांगत नाही. २००७ मध्ये अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात चीनहून आलेले भेसळीचे गव्हाचे ग्लुटेन वापरले गेले. त्यात प्रथिनांचा आकडा फुगवण्यासाठी मेलामाइन मिसळलेले होते. प्राण्यांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि खाद्याची लाखो पाकिटे बाजारातून परत घ्यावी लागली.

यादीत चिकन पहिले, म्हणजे खाद्य चिकनचे?

तसे नव्हे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने देण्याची पद्धत आहे, आणि ते वजन बहुधा सुकवण्याआधीचे असते. ताज्या चिकनमध्ये जवळपास तीन चतुर्थांश पाणी असते. कृतीत ४० भाग ताजे चिकन आणि ३० भाग कोरडे तांदूळ असतील, तर यादीत चिकन पहिले येईल. सुकल्यावर मात्र ते ४० भाग जेमतेम ११ भाग उरतात आणि तांदूळ जवळपास तेवढेच राहतात. म्हणजे पाकिटावर कोंबडीचे चित्र आणि आत मुख्यतः भात. त्यात ‘वाटाणा’, ‘वाटाणा प्रथिन’, ‘वाटाणा स्टार्च’ असे एकाच वस्तूचे तीन तुकडे करून यादीत खाली ढकलले असतील, तर वाचणारा आणखी फसतो. याउलट ‘सुके चिकन’ असे स्पष्ट लिहून त्याची टक्केवारी देणारा उत्पादक अधिक विश्वासाचा.

भात असणे हा काही गुन्हा नाही. कुत्रा म्हणजे लांडगा नव्हे. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले, की माणसाच्या सोबतीने राहताना कुत्र्यांत स्टार्च पचवण्याची जनुकीय क्षमता लांडग्यांपेक्षा कितीतरी वाढली. गावाकडची कुत्री भाकरी-ताकावर जगली ती याच जोरावर. (जगणे आणि नीट पोसले जाणे यांत फरक आहे, हे वेगळे.) म्हणून ‘ग्रेन-फ्री’ या शब्दासाठी जास्त पैसे मोजण्यात हशील नाही. उलट, धान्याऐवजी वाटाणा-मसुरीचा भरणा असलेल्या खाद्याचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये सुरू केली होती. कार्यकारणभाव सिद्ध झाला नाही, पण धान्यमुक्त खाद्य अधिक आरोग्यदायी असते असेही त्यातून निघाले नाही.

सर्वांत महत्त्वाची ओळ कोणती?

‘पूर्ण व संतुलित आहार’ की ‘पूरक खाद्य’, हे सांगणारी. ती बारीक अक्षरांत असते, आणि खरा धोका तिथेच आहे. निव्वळ सुकवलेले मांस, कलेजी किंवा चिकन-भात-भाजी यांचे मिश्रण दिसायला पौष्टिक असते, पण त्यात कॅल्शियम जवळजवळ नसते. हाडाशिवायच्या मांसात कॅल्शियमच्या सुमारे वीसपट फॉस्फरस असतो. कुत्र्याला लागते ते उलट. कॅल्शियम फॉस्फरसच्या किमान बरोबरीने, जास्तीत जास्त दुप्पट. हा तोल बिघडला की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढू लागते. प्रौढ कुत्र्यात त्याची लक्षणे उशिरा दिसतात. पिल्लाची हाडे मात्र काही आठवड्यांतच मऊ पडतात, पाय वाकतात, सोफ्यावरून मारलेल्या उडीतही हाड मोडू शकते. मोठ्या जातीच्या पिल्लाला उलट कॅल्शियमची पूड अंदाजाने चारणेही तितकेच घातक. त्यामुळे पाकिटावर कॅल्शियम, फॉस्फरस आणि ‘कोणत्या वयासाठी’ हे छापलेले नसेल, तर ते रोजचे जेवण समजू नये. सहलीतला खाऊ म्हणून चालेल.

दुसरी ओळ उष्मांकांची. २० किलोच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला ढोबळमानाने एक हजार किलोकॅलरी लागतात. शंभर ग्रॅम सुक्या खाद्यात ४०० किलोकॅलरी असतील, तर रोजचे अडीचशे ग्रॅम लागणार. म्हणजे अर्ध्या किलोचे पाकीट दोन दिवसांत संपले! ‘पाणी घालून दोन किलो जेवण’ या जाहिरातीतले दीड किलो पाणी नळाचे असते. पाकिटाच्या किमतीला किलोने न भागता दिवसांनी भागले, की महिन्याचा खरा खर्च समोर येतो.

नाशिक जिल्ह्यात आणखी एक सावधगिरी हवी. कांदा आणि द्राक्षे ही इथली पिके, आणि दोन्ही कुत्र्यासाठी विष. कांद्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात; द्राक्षांनी आणि बेदाण्यांनी मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. सुकवल्यावर पाणी जाते, विष राहते. एक किलो कांदा पावडरीसाठी आठ-दहा किलो कांदा लागतो, यावरून चमचाभर पावडर म्हणजे किती, याचा अंदाज यावा. घरच्या ड्रायरमध्ये उरलेली भाजी, रस्सा किंवा मसाला घातलेले मटण सुकवून कुत्र्याला देणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. घटकांच्या यादीत नुसतेच ‘मसाले’ किंवा ‘फ्लेवर’ लिहिले असेल, तर उत्पादकाला विचारावे. लसणाचेही तेच.

कायदा काय म्हणतो?

फारसे काही नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मधील ‘अन्न’ या शब्दाच्या व्याख्येतून पशुखाद्य वगळलेले आहे. साहजिकच पाकिटावरच्या ‘ह्यूमन ग्रेड’ या शब्दांमागे माणसांच्या अन्नाचा कायदा उभा नाही. भारतीय मानक ब्युरोचे कुत्र्या-मांजरांच्या खाद्यासाठी आयएस ११९६८ हे मानक आहे, पण ते ऐच्छिक. वजनमापाचे २०११ चे नियम निव्वळ वजन, किंमत, उत्पादनाचा महिना आणि उत्पादकाचा पत्ता छापायला लावतात. थोडक्यात, आत किती ग्रॅम आहे हे सांगणे सक्तीचे, त्यावर कुत्रा जगेल का हे सांगणे नाही. घरोघरी कुत्रे पाळले जात असताना ही स्थिती टिकवण्याला काहीच समर्थन नाही. मानक सक्तीचे करावे, आणि तोवर निदान चार गोष्टी छापणे तरी बंधनकारक व्हावे : पूर्ण की पूरक, कोणत्या वयासाठी, शंभर ग्रॅममागे किती उष्मांक, कॅल्शियम-फॉस्फरस किती. चांगला माल बनवणाऱ्या छोट्या उत्पादकांचाही यात फायदाच आहे. आज त्यांचे पाकीट आणि नुसत्या भाताचे पाकीट दुकानात एकसारखेच दिसते.

पावसाळ्यात पाकीट उघडल्यावर?

इगतपुरीत वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तोही बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. भिंती ओलावतात, पापड मऊ पडतात. तीच गत सुक्या खाद्याची. ओल शिरली की बुरशी धरते, आणि मका-शेंगदाण्यावरच्या बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन कुत्र्याचे यकृत निकामी करते. ते शिजवूनही पुरते जात नाही, वासावरून कळतेच असे नाही. बंगल्यावर मोठे पाकीट उघडून पुढच्या खेपेसाठी फडताळात ठेवणे म्हणूनच टाळावे. छोटी पाकिटे घ्यावीत, उघडलेले खाद्य घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे, ओला चमचा आत घालू नये. कमी तापमानाला सुकवलेल्या किंवा फ्रीझ-ड्राइड कच्च्या मांसात साल्मोनेलासारखे जिवाणू मरत नाहीत, फक्त निपचित पडून राहतात. पाणी घातले की पुन्हा वाढू लागतात. भिजवलेले खाद्य कुत्र्याने अर्ध्या-पाऊण तासात संपवले नाही, तर टाकून द्यावे, वाडगा साबणाने धुवावा आणि हातही. घरात रांगते मूल किंवा आजारी वृद्ध असेल, तर कच्चे सुकवलेले मांस आणूच नये. शिजवून सुकवलेले घ्यावे.