चार टिकल्यांएवढं ऑपरेशन

मागच्या दोन अंकांत हे सदर नव्हतं. संपादकांनी 'प्रकृतीच्या कारणास्तव' एवढंच छापलं आणि मग फोन सुरू झाले. प्रत्येक फोनचे दोन भाग असायचे. पहिला मोठ्या आवाजात, "काय गं, काय झालं?" मी सांगितलं की दुसरा कुजबुजत, "अगं बाई! पिशवी काढली?" जणू मी बँक लुटून आले होते.

तर ती कुजबुज इथेच संपवते. माझ्या गर्भाशयात गाठी होत्या, फायब्रॉइड म्हणतात त्या. गाठी आहेत म्हणून लगेच ऑपरेशन, असं मुळीच नसतं. कित्येकींना त्यांचा काही त्रासही होत नाही. मला होत होता. दीड वर्षं औषधं घेतली, तरी महिन्याचे आठ-नऊ दिवस रक्तस्राव व्हायचा. हिमोग्लोबिन ७.८ वर आलं. दांडिया बाजारातून भाजी आणली की घरचा जिना चढताना मधे बसावं लागायचं. दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घेतलं आणि शेवटी श्रावणात दुर्बिणीतून गर्भाशय काढलं. अंडाशयं ठेवली आहेत. वय ४६.

तिसऱ्या दिवशी घरी आले. पोटावर चार छोट्या पट्ट्या. एक बेंबीत, बाकीच्या इकडेतिकडे. मुलगा म्हणाला, "एवढंच? टिकल्या लावल्यासारखं दिसतंय." मलाही तसंच वाटलं, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

पहिले दोन दिवस पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता. मला वाटलं, हृदयाचं काही असेल. सासूबाई म्हणाल्या, "गॅस झालाय," आणि ओवा-हिंग घेऊन आल्या. खरं तर त्यांचं निदान बरोबर होतं, फक्त गॅस वेगळा होता. ऑपरेशनच्या वेळी आत नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. तो नंतर काढला तरी थोडा राहतो आणि छाती-पोटामधल्या पडद्याला टोचतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. घरातल्या घरात फेऱ्या मारल्या आणि दोन-तीन दिवसांत ते गेलं. ओवाही खाल्ला, आईंचं मन राखायला.

बाकीचं शिकत गेले. सरळ उठायचं नाही, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठायचं. खोकताना, हसताना पोटावर उशी धरायची. मुलाला विनोद बंद करायला सांगितले होते. वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही आणि कुंथणं तर अजिबात नको, म्हणून रात्री इसबगोल आणि सकाळी भिजवलेल्या मनुका. समोरच्या बेन रोज संध्याकाळी मऊ खिचडी आणि कढी द्यायच्या. नागपूरहून आत्याने डिंकाचे लाडू पाठवले. मी बाळंतीण नाही हे तिला कोणी सांगितलं नसावं, पण लाडू उत्तम होते.

चौथ्या दिवशी नवऱ्याने विचारलं, "चहा तू टाकतेस की मी टाकू?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मी हिंडत होते, बोलत होते, टाके दिसत नव्हते. मग मीच चहा टाकला. दुसऱ्या दिवशी पोळ्या लाटल्या. आठव्या दिवशी भेटायला आलेली एक नातेवाईक म्हणाली, "दुर्बिणीचं काय, आजकाल आठवड्यात कामावर जातात बायका." तेही मला खरं वाटलं.

बाराव्या दिवशी ऊन पडलं होतं. मशीनमधले ओले कपडे बादलीत भरले आणि गच्चीवर निघाले. मुलगा घरात होता, त्याला हाक मारता आली असती. दुसऱ्या मजल्यावर ओटीपोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. खाली येऊन बघते तर लाल, ताजं रक्त. तोवर थोडा तपकिरी स्राव व्हायचा. तो काही आठवडे होतो असं सांगितलेलं होतं. हे तसं नव्हतं.

त्या पंचवीस मिनिटांच्या रिक्षात मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. गाठीचा तपासणी अहवालही अजून यायचा होता. डॉक्टरबाईंनी तपासलं. टाके शाबूत होते, कडेला थोडं रक्त आलं होतं. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. गर्भाशय काढल्यावर योनीमार्गाचं वरचं टोक आतून शिवून बंद करतात. पोटावरची चार भोकं म्हणजे फक्त दारं. खरी जखम आत, आणि ती भरायला सहा ते आठ आठवडे, कधी जास्तही. तोवर चार-पाच किलोंपेक्षा जड काही उचलायचं नाही, आणि त्या पुन्हा तपासून हो म्हणेपर्यंत शरीरसंबंध नाही. हे वाक्य त्यांनी नवऱ्याकडे बघून म्हटलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता.

फोन केव्हा करायचा हेही त्यांनी पुन्हा सांगितलं. तुमच्यापैकी जे पुण्या-बेंगळुरूला आहेत आणि ज्यांच्या आयांची अशी ऑपरेशनं होतील, त्यांनी हे लक्षात ठेवा. ताप १००.४ च्या वर गेला, तासाभरात पॅड भिजू लागलं, स्रावाला दुर्गंधी आली, लघवीला जळजळ झाली किंवा ती अडली, तर थांबायचं नाही. पोटरी सुजून दुखली किंवा दम लागला तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. पायात रक्ताची गुठळी झालेली असू शकते, म्हणून तर फेऱ्या मारायला लावतात. आणि पोटात दुखणं रोज थोडं कमी व्हायला हवं. ते वाढत असेल तर 'ऑपरेशन झालंय, दुखणारच' असं म्हणून गप्प बसू नका. फोनवर आई "मी ठणठणीत" म्हणते, त्यावर विश्वास ठेवू नका. तिला विचारा, आज काय उचललंस?

अहवाल त्याच आठवड्यात आला. साध्या गाठी. मी तो तीनदा वाचला आणि मग संध्याकाळी कारण नसताना रडले. हे रडणं पुढेही अधूनमधून होत होतं.

त्यानंतर घर बदललं, असं म्हणणं जास्त होईल. मुलगा कपडे वाळत घालायला शिकला. शर्ट अजून उलटेच असतात. खरा प्रश्न गौरींचा होता. आमच्याकडे उभ्याच्या गौरी, पुरणाचा स्वयंपाक, तीस माणसं. मी मनात म्हणत होते, तोवर महिना होईलच, जमेल. एका दुपारी आई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "या वर्षी पुरण बाहेरून आणायचं. मी सगळ्यांना सांगितलंय."

माझा विश्वासच बसेना. श्रीखंडसुद्धा विकतचं न आणणारी बाई ती. मग त्या हळूहळू बोलायला लागल्या. त्यांचं हेच ऑपरेशन १९८६ साली झालं होतं. तेव्हा दुर्बिणीतून गर्भाशय काढतच नव्हते. ते पहिल्यांदा अमेरिकेत १९८८ मध्ये झालं. आईंचं पोट उभं चिरलं होतं. दहा दिवस दवाखाना, मग पंधरा दिवस बहीण येऊन राहिली. ती गेली आणि दुसऱ्या दिवसापासून खालच्या नळावरून घागरी भरून दोन मजले चढायच्या. "तेव्हापासून मला शिंक आली की थांबत नाही," त्या म्हणाल्या. काय थांबत नाही ते मला समजायला क्षणभर लागला. म्हणूनच त्या लांबच्या प्रवासाला कधी आल्या नाहीत, लग्नात लवकर उठतात, पाणी कमी पितात. आम्ही त्यांना हट्टी म्हणत होतो. एकोणचाळीस वर्षं हे कोणालाच माहीत नव्हतं, अगदी सासऱ्यांनाही.

त्या दिवशी मला बीडच्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांची आठवण झाली. त्यांच्यातल्या कितीतरी जणींचं गर्भाशय ऐन तिशीत काढल्याचं २०१९ मध्ये बातम्यांत आलं होतं. मोळी उचलायला त्या किती दिवसांनी गेल्या असतील?

गौरी विकतच्या पुरणावर जेवल्या. पुरण जरा गोड होतं, पण कोणी बोललं नाही. सहा आठवड्यांची तपासणी चांगली झाली. बादली अजून नाही. यंदा गरबा खुर्चीत बसून पाहिला.

डॉक्टरबाईंनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं, तेव्हा मी आईंनाही सोबत नेलं. त्या ७७ व्या वर्षी काय फरक पडणार म्हणत होत्या. पण फरक पडतो, आणि आता त्यांना थोडा जाणवतोयही. लघवी रोखून धरावी तसं आत ओढायचं, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. रात्री मालिकेत जाहिराती लागल्या की आम्ही दोघी सोफ्यावर बसून करतो. बाहेरून काही दिसत नाही, फक्त चेहरे गंभीर होतात.

परवा आईंनी विचारलं, "झाले का गं दहा?" मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, "दहा काय?"

मी काही बोलणार, तोच आईंनी रिमोट घेतला, टीव्हीचा आवाज बंद केला आणि त्याला सगळं सांगायला सुरुवात केली. नेहमीच्या आवाजात.