बाळाचं दूध आणि तपासणीची रांग

विमानप्रवास आता आपल्या गावातल्या बायकांनाही नवा राहिलेला नाही. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघालेली आई, सहा महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन दुबईला नवऱ्याकडे परतणारी सून... अशी एखादी तरी बाई ओळखीत असतेच. डिंकाचे लाडू किती न्यायचे, लोणचं कुठल्या बॅगेत भरायचं, याची चर्चा घरात आठवडाभर चालते. बाळाचं दूध तपासणीतून कसं न्यायचं, हे मात्र तिला कुणीच सांगत नाही.

मुळात ही कटकट आली कुठून? 10 ऑगस्ट 2006 रोजी ब्रिटनमध्ये एक कट उघडकीला आला. थंड पेयांच्या बाटल्यांतून द्रवरूप स्फोटकं नेऊन अमेरिकेकडे जाणारी विमानं उडवायचा डाव होता. त्या दिवसापासून तिथल्या विमानतळांवर हातातलं सामान जवळजवळ बंदच झालं. बाळाचं दूध तेवढं चालेल, पण प्रत्येक बाटलीतलं दूध सोबतच्या मोठ्या माणसानं समोर चाखून दाखवायचं, अशी अट! पुढे द्रवपदार्थांसाठी 100 मिलीची मर्यादा आली आणि ती आपल्याकडच्या परदेशी उड्डाणांनाही लागू झाली.

सुरक्षा हवी, याबद्दल वादच नाही. तो कट खरा होता, 2009 साली न्यायालयात सिद्धही झाला. आपलंच लेकरू विमानात असतं, तेव्हा तपासणी कडक असलेली बरीच! पण नियम लिहिताना डोळ्यांसमोर असतो तो एक बॅग घेऊन निघालेला एकटा पुरुष. आई मागाहून येते, ‘अपवाद’ म्हणून. आणि अपवाद म्हटला की तो समोरच्या माणसाच्या मर्जीवर गेलाच म्हणून समजा.

त्यातही आई बाळाशिवाय प्रवास करत असेल तर विचारूच नका. कामासाठी चार दिवस बाहेर गेलेली बाई दूध काढून, साठवून घरी आणते, हे तपासणाऱ्याच्या डोक्यातच येत नाही. 2016 साली लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एका अमेरिकन आईला जवळजवळ 15 लिटर दूध टाकून द्यावं लागलं. कारण काय, तर बाळ सोबत नव्हतं! 2017 साली जर्मनीत फ्रँकफर्टला सिंगापूरच्या एका आईजवळ दूध काढायचं यंत्र होतं. आपण खरोखर अंगावर पाजतो, हे आपल्याला दूध काढून सिद्ध करायला लावलं, अशी तक्रार तिनं केली. वाचूनही अंगावर काटा येतो. आईपणाचा पुरावा म्हणून बाळ हातातच असायला हवं का?

आता महत्त्वाची गोष्ट. या बायका गप्प बसल्या नाहीत. अमेरिकेत 2007 सालच्या ऑगस्टमध्ये नियम बदलला आणि बाळ सोबत नसलं तरी आईला दूध नेता येऊ लागलं. 2016 साली तर तपासणी कर्मचाऱ्यांना याचं प्रशिक्षण देण्यासाठी कायदाच झाला. ब्रिटनमध्येही आता बाळाशिवाय आईचं दूध नेता येतं, फक्त ते गोठवलेलं चालत नाही. हे कुणाच्या मेहेरबानीनं झालेलं नाही, बायका बोलल्या म्हणून झालं.

आणि आपण? ‘जाऊ दे, कशाला वाद, विमान चुकेल’ म्हणत बाटली कचऱ्याच्या डब्यात टाकणार. वर सासरचं कुणी म्हणणार, ‘एवढ्या लहान बाळाला घेऊन जायची हौस कुणाला होती?’ मैत्रिणींनो, आपल्याकडेही बाळाचं दूध, त्याचं खाणं आणि औषधं प्रवासापुरती नेता येतात. 100 मिलीची मर्यादा त्यांना लागू नाही. म्हणून हे सगळं एका वेगळ्या पिशवीत ठेवा आणि रांगेत पोचल्याबरोबर आपणहून सांगा. औषधाची चिठ्ठी आणि बाळाच्या वयाचा दाखला जवळ असू द्या. आपल्या विमानतळांवर बायकांची अंगझडती महिला कर्मचारीच पडद्याआड घेते. कुणी अडवलंच तर आवाज न चढवता वरिष्ठांना बोलवायला सांगा आणि नंतर लेखी तक्रार करा. ‘प्लीज, जाऊ द्या ना’ ही भाषा मात्र नको. बाळाची भूक हा काही गुन्हा नव्हे.

आणि रांगेत तुमच्या पुढे रडणारं बाळ, दोन पिशव्या आणि घडी होत नसलेली बाबागाडी सांभाळणारी एखादी पोर दिसली, तर कपाळाला आठ्या घालू नका. गाडीचं एक टोक धरा. तेवढ्यानंही तिचा अर्धा जीव खाली पडेल.