ज्यू पाहुणा जेवायला येणार असेल तर

अलिबाग, नागाव, चौल, रेवदंडा या पट्ट्यात घरगुती जेवण देणाऱ्यांना आणि एरवीही ज्यांच्या पंक्तीला कधी ज्यू पाहुणा बसू शकतो अशा सगळ्यांना एक विनंती आहे. स्वयंपाकाला लागण्याआधी त्यांना काय चालतं ते विचारा. आणि जे उत्तर मिळेल त्याप्रमाणेच वाढा, आपल्या अंदाजाने नको.

हे सांगायचं कारण असं की ही माणसं आपल्याकडे येतात. इस्रायलमध्ये दिमोना, अश्दोद, लोद, बीरशेबा अशा गावांत स्थायिक झालेली, मूळची कोकणातली बेने इस्रायल ज्यू कुटुंबं पूर्वजांचं नवगाव बघायला येतात, अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकापाशी एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याची आठवण करायला येतात. आडनावं रोहेकर, पेणकर, किहीमकर, दिवेकर. घरातली वडीलधारी मंडळी अजून मराठी बोलतात, नातवंडांना मात्र हिब्रूच येते. आपण त्यांना आपलीच माणसं समजून प्रेमाने ताट वाढतो, आणि नेमकी तिथेच पंचाईत होते. कारण आपल्या घरगुती थाळीचा अर्धा भाग त्यांच्या धर्मात बसत नाही.

मासे आधी घेऊ, कारण किनाऱ्यावर खरा प्रश्न माशांचाच येतो. नियम सरळ आहे: माशाला पर हवेत आणि खवलं हवीत, दोन्ही. जिताडा चालतो, रावस चालतो, रोहू-कटला चालतात. कोळंबी, चिंबोरी, शेवंड, तिसऱ्या, कालवं, माकूळ यांतलं काहीच चालत नाही. मुशी, पाकट आणि शिंगाळाही नाही, मासे असले तरी. बेने इस्रायलांच्या परंपरेत याच नियमाची एक गोष्ट सांगतात. डेव्हिड रहाबी नावाचा ज्यू कोकणात आला तेव्हा तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे ‘शनिवार तेली’ खरोखर ज्यू आहेत का याची त्याला खात्री करायची होती. त्याने बायकांपुढे मिसळीचे मासे ठेवले. त्यांनी बिनखवल्याचे आणि बिनपराचे मासे बाजूला काढले आणि उरलेले शिजवले. हिब्रू विसरलेल्या, धर्मग्रंथ हाताशी नसलेल्या समाजात टोपलीतला मासा निवडण्याची रीत तेवढी शाबूत राहिली होती. गोष्ट घडली तशीच घडली की नाही हा वाद इतिहासकारांनी घालावा, मला ती पटते. चूल फार काळ लक्षात ठेवते.

तेव्हा मासा विकत घेतलात तर कापण्याआधी अख्खा दाखवा. कातडी काढलेला तुकडा कोणता मासा होता हे नुसतं तुमच्या शब्दावर मानणं त्यांना कठीण जातं, आणि त्यात तुमच्या प्रामाणिकपणावर शंका नसते. आणखी दोन गोष्टी आपल्या लक्षातच येत नाहीत. एक, ज्या तेलात सकाळी कोळंबी तळली त्याच तेलात दुपारी रावस तळला तर तो रावस गेला. दोन, वांग्याच्या भाजीत किंवा चटणीत मूठभर सुकट-जवळा घालण्याची आपली सवय. ‘भाजीच आहे हो’ असं म्हणून ती वाढू नका. सुकट म्हणजे कोळंबीच्याच जातीचा जीव.

मटणाच्या फंदात तर पडूच नका, असं मी स्पष्ट सांगेन. बोकड आणि मेंढी मुळात चालतात, कारण त्यांच्या धर्मग्रंथातल्या ‘लेवीय’ पुस्तकाच्या 11 व्या आणि ‘अनुवाद’ पुस्तकाच्या 14 व्या अध्यायात खूर दुभंगलेले आणि रवंथ करणारे प्राणी खायची परवानगी आहे. डुकराचे खूर दुभंगलेले असतात पण ते रवंथ करत नाही. उंटाचं उलट. पण प्राणी चालतो म्हणून कुठल्याही खाटकाकडचं मटण चालत नाही. ते शिकून तयार झालेल्या माणसाने ठरलेल्या पद्धतीने कापावं लागतं, फुफ्फुसं तपासावी लागतात, काही चरबी आणि मांडीतली एक नस काढावी लागते. मग रक्त काढण्यासाठी मांस अर्धा तास पाण्यात, एक तास मिठात, आणि त्यानंतर तीनदा धुणं. कलेजीत रक्त इतकं की ते मिठाने भागत नाही, विस्तवावर भाजावंच लागतं. हलाल मटण आणलं म्हणजे झालं, असं अनेकांना वाटतं. झालं नाही. दोन्ही रीती वेगळ्या आहेत. कोंबडीलाही कापण्याची आणि रक्त काढण्याची रीत लागू.

दूध आणि मांस एकत्र न करण्याचा नियम मात्र आपल्याला समजून घ्यायला हवा, कारण त्यात आपली चूक सहज होते. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये ही आज्ञा तोरा या त्यांच्या मूळ धर्मग्रंथात तीनदा येते. त्यावरून पुढे धर्मपंडितांनी मांस आणि दूध एका भांड्यात नको, एका जेवणात नको, इथपर्यंत नियम नेला आणि त्यात कोंबडीही घेतली. मांस खाल्ल्यावर बरेच जण सहा तास दुधाला शिवत नाहीत, काही समाजांत तीन, डच ज्यूंमध्ये एकच तास. म्हणून पाहुण्यांनी दुपारी स्वतःच्या डब्यातली कोंबडी खाल्ली असेल आणि चार वाजता तुमचा दुधाचा चहा नाकारला, तर वाईट वाटून घेऊ नका. कोरा चहा द्या. दह्यात मुरवलेली कोंबडी, तुपावरची बिर्याणी, मांसाच्या जेवणानंतरची बासुंदी हे सगळं त्यांना बाद.

इथे कोकणाने मात्र त्यांना हात दिला. नारळाचं दूध हे दूध नव्हेच, त्यामुळे नारळाच्या रसातलं कालवण मांसाला चालतं. बेने इस्रायलांचं जेवण त्यावरच उभं आहे. त्यांचा चिकाचा हलवाही नारळाच्या दुधात होतो, म्हणून मांसाच्या जेवणानंतर खाता येतो. मलिदा या त्यांच्या नैवेद्यातले पोहे, गूळ, खोबरं आणि फळं यांतही दुधाचा थेंब नसतो. जुन्या धर्मग्रंथांत एक मजेशीर खबरदारी आहे: मांस बदामाच्या दुधात शिजवलं तर ताटाजवळ थोडे बदाम ठेवा, म्हणजे बघणाऱ्याला भलताच संशय येणार नाही.

मग वाढायचं काय? आपलं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: व्हेज करू. बऱ्याच पाहुण्यांना ते पुरतं, पण सगळ्यांना नाही. काटेकोर पाळणाऱ्याचा प्रश्न भांड्यांचा असतो. ज्या कढईत काल चिंबोरी शिजली त्या कढईतला गरम वरण-भात त्याला चालत नाही. काही जण तर स्वयंपाकाच्या वेळी विस्तव तरी ज्यू माणसाने पेटवावा असं मानतात. भाज्यांतले किडे हाही गंभीर विषय आहे. फ्लॉवर आणि पालेभाजी पान न् पान बघून घेतात. चीजमधलं रेनेट, जेलीतलं जिलेटिन प्राण्यांपासून आलंय का, याची चौकशी होते. द्राक्षांची वाइन आणि रससुद्धा ज्यू देखरेखीखाली झालेलाच हवा. पाकिटावरच्या हिरव्या ठिपक्याने यातला थोडाच भाग भागतो. वर्तुळातल्या ‘यू’सारखं कोशेरचं, म्हणजे ज्यू नियमांत बसणाऱ्या अन्नाचं, चिन्ह असेल तर ते पाकीट न फोडता पुढे ठेवा.

अशा पाहुण्यासाठी सोपं ते करा. अख्खी फळं, शहाळं, न भाजलेले साधे बदाम-काजू. ताटाऐवजी केळीचं पान. लिंबू आणि कांदा मात्र त्यांचा त्यांना कापू द्या, कारण तिखट-आंबट पदार्थ सुरीतली चव ओढून घेतात असा नियम आहे. अख्खा मासा फॉइलच्या दोन थरांत गुंडाळून भाजण्याची रीत अनेकांना चालते, ती आधी विचारून घ्या. असे पाहुणे तुमच्याकडे वारंवार येत असतील तर एक नवी कढई, एक सुरी आणि एक उलथनं वेगळं ठेवा आणि खरोखर वेगळंच ठेवा. शुक्रवारी जे द्यायचं ते सूर्यास्ताआधी तयार हवं, कारण त्यांचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस तिथूनच सुरू होतो. शनिवारी ते चूल पेटवत नाहीत.

आता आपल्या आग्रहाविषयी. ‘अहो, एक घास तरी घ्या’ हे आपल्याकडे प्रेम असतं, पण इथे तो माणसाला कोंडीत पकडण्याचा प्रकार होतो. तो नुसतं केळं आणि शहाळं घेऊन तुमच्याशी तासभर बोलत बसला तर तुमचा पाहुणचार पुरा झाला असं समजा. आणि कृपा करून त्याला कारणं पुरवू नका. ‘डुकरात जंत असतात ना, म्हणून’ किंवा ‘तेव्हा फ्रीज नव्हते ना, म्हणून’ हे आपण फार उत्साहाने सांगतो. मायमोनिडीससारख्या मोठ्या ज्यू पंडितानेही आरोग्याची कारणं मांडली होती, पण मूळ ग्रंथ तसं म्हणत नाही. तो पवित्र राहा म्हणतो आणि थांबतो. उपासाला वरी चालते आणि तांदूळ चालत नाही, याचं कारण आपल्या आजीने कुणा पाहुण्याला कधी समजावून दिलं होतं का?

उलटी चूकही करू नका. सगळेच ज्यू हे सगळं पाळतात असं नाही. कुणी फक्त डुक्कर आणि कोळंबी टाळतो, कुणी घरात कडक आणि प्रवासात सैल असतो, कुणी काहीच पाळत नाही. एकाच कुटुंबातले दोघे भाऊ वेगळे वागतील. अशा वेळी ‘तुम्हाला हे चालत नाही ना?’ असं चारचौघांत विचारून कुणाला ओशाळं करू नका. त्याने स्वतःहून कोळंबीची थाळी मागितली तर कोळंबीची थाळी वाढा, आणि त्याच्या भावासमोर केळीचं पान मांडा.