मैलांची ठेव आणि बिरसीची धावपट्टी

महाराष्ट्राच्या पूर्व टोकावरील गोंदिया जिल्ह्यात, बिरसी येथील विमानतळावरून १३ मार्च २०२२ रोजी नियमित प्रवासी विमानसेवेचा प्रारंभ झाला. 'फ्लाय बिग' कंपनीची इंदूर–गोंदिया–हैदराबाद ही सेवा केंद्राच्या 'उडान' योजनेतील होती. काही महिन्यांतच ती बंद पडली. पुढे १ डिसेंबर २०२३ रोजी 'इंडिगो'ने गोंदिया–हैदराबाद–तिरुपती सेवा सुरू केली आणि जिल्ह्याच्या आशा पुन्हा पल्लवित झाल्या. या दोन्ही वेळी चर्चा झाली ती तिकिटाचे दर, वेळापत्रक आणि प्रवासीसंख्या यांची. विमान कंपन्यांच्या जागतिक आघाड्यांच्या हिशेबात बिरसीहून केलेल्या प्रवासाची नोंद होते काय, हा प्रश्न मात्र कोणी फारसा विचारला नाही. त्याचे उत्तर नकारार्थी आहे. 'फ्लाय बिग' आणि 'इंडिगो' यांपैकी कोणतीही कंपनी 'स्टार अलायन्स', 'वनवर्ल्ड' वा 'स्कायटीम' या तीन आघाड्यांची सदस्य झालेली नाही.

ही बाब प्रथमदर्शनी किरकोळ वाटेल. विमानाचे मैल म्हणजे श्रीमंतांचा विरंगुळा, अशी समजूत अजून अनेकांच्या मनात आहे. परंतु क्रेडिट कार्डांच्या प्रसारामुळे मैल कमावण्यासाठी आता विमानात बसण्याचीही गरज उरलेली नाही. गोंदियातील व्यापारी किंवा शिक्षक कार्डावर किराणा, विमा आणि पेट्रोल यांची बिले भरून मैल साठवू शकतो. ते वटवण्याची वेळ येते तेव्हा मात्र त्याला नागपूर किंवा रायपूर गाठावे लागते. कमाई छोट्या शहरांपर्यंत पोहोचली, पण तिचे मोल महानगरांच्या विमानतळांवरच अडकून पडले, हा या व्यवस्थेतील मुख्य दोष आहे.

सात वर्षांची प्रतीक्षा

या विषयाशी गोंदियाचा एक वेगळा संबंध आहे. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी बांधली. डिसेंबर २००५ मध्ये ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. त्या वेळी केंद्रातील नागरी विमान वाहतूक खाते गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल यांच्याकडे होते. २००४ पासून जानेवारी २०११ पर्यंत त्यांनी ते सांभाळले. त्या काळात धावपट्टीचा विस्तार झाला आणि कॅनडाच्या 'सीएई' कंपनीच्या भागीदारीतून वैमानिक प्रशिक्षण संस्था उभी राहिली.

त्याच कारकिर्दीत, २००७ मध्ये, एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले आणि डिसेंबर २००७ मध्ये 'स्टार अलायन्स'ने एअर इंडियाला सदस्यत्वाचे निमंत्रण दिले. मात्र किमान अटी पूर्ण झाल्या नाहीत, असे कारण देऊन आघाडीने २०११ च्या जुलैअखेर ही प्रक्रिया थांबवली. अखेर ११ जुलै २०१४ रोजी एअर इंडिया जागतिक आघाडीत दाखल झालेली पहिली भारतीय कंपनी ठरली. निमंत्रणापासून प्रवेशापर्यंत जवळपास सात वर्षे गेली. बिरसी येथे वैमानिक घडत राहिले. पण एअर इंडियाच्या आघाडीप्रवेशाचा लाभ या धावपट्टीपर्यंत आला नाही.

जमा कशी होते?

वारंवार प्रवास करणाऱ्या ग्राहकाला मैल देण्याची पद्धत 'अमेरिकन एअरलाइन्स'ने १ मे १९८१ रोजी मोठ्या प्रमाणावर रूढ केली. १९७८ मध्ये अमेरिकेत विमानभाडी खुली झाली होती. स्पर्धेत ग्राहक टिकवून धरण्याचा हा उपाय होता. १४ मे १९९७ रोजी युनायटेड, लुफ्तान्सा, एअर कॅनडा, थाय आणि एसएएस या पाच कंपन्यांनी 'स्टार अलायन्स' स्थापन केली आणि या पद्धतीला नवे परिमाण मिळाले. एका सदस्य कंपनीने प्रवास करावा आणि मैल दुसऱ्या सदस्य कंपनीच्या खात्यात जमा करावेत, अशी सोय झाली.

नागपूरहून एअर इंडियाने दिल्ली गाठून पुढे लुफ्तान्साने युरोपात जाणारा प्रवासी दोन्ही उड्डाणांचे मैल एअर इंडियाच्या, सिंगापूर एअरलाइन्सच्या किंवा अन्य सदस्य कंपनीच्या एकाच खात्यात घेऊ शकतो. मात्र निवड एकदाच करावी लागते. एका कंपनीच्या खात्यात जमा झालेले मैल नंतर दुसऱ्या कंपनीच्या खात्यात वळवता येत नाहीत. आघाडी एक असली, तरी तिजोऱ्या स्वतंत्र आहेत.

जमेचे सूत्रही बदलले आहे. पूर्वी मैल अंतरावर मिळत. नागपूर–दिल्ली या सुमारे साडेआठशे किलोमीटरच्या हवाई अंतराचे सव्वापाचशेहून अधिक मैल होतात. त्या हिशेबात प्रवासी किती लांब गेला, याला महत्त्व होते. आता अनेक कंपन्या भरलेल्या भाड्याच्या प्रमाणात गुण देतात. एअर इंडियानेही एप्रिल २०२४ पासून हाच मार्ग स्वीकारला. शिवाय भागीदार कंपनीच्या विमानात तिकिटाचा वर्ग निर्णायक ठरतो, आणि सर्वांत स्वस्त वर्गांवर अत्यल्प किंवा शून्य मैल मिळू शकतात. परिणामी कंपनीच्या खर्चाने ऐनवेळी महाग तिकीट काढणारा अधिकारी झपाट्याने गुण कमावतो. परदेशातील मुलांना भेटण्यासाठी सहा महिने आधी स्वस्त तिकीट काढणाऱ्या कुटुंबाच्या हाती थोडेच लागते.

उतारा कोण ठरवतो?

गोंदिया हा धानाचा आणि राईस मिलचा जिल्हा. सरकारी धानाची भरडाई करणाऱ्या गिरणीने क्विंटलभर धानामागे किती तांदूळ परत करावा, हे सरकार ठरवते. कच्च्या तांदळासाठी हा उतारा ६७ टक्के आहे. तो परवडत नाही, अशी गिरणीमालकांची तक्रार असते आणि त्यावर वाद होतात. परंतु आकडा सर्वांना आधी ठाऊक असतो. मैलांच्या व्यवहारात याच्या नेमके उलट घडते. धान आधी घेतले जाते आणि उतारा नंतर, तोही घेणाऱ्याच्याच मर्जीने ठरतो. कालपर्यंत अमुक मैलांत मिळणारे तिकीट उद्या दीडपट मैलांना झाले, तर ग्राहकाला दाद मागण्यासारखे फारसे काही उरत नाही. नियम बदलण्याचा अधिकार कंपनीने सदस्यत्वाच्या अटींत स्वतःकडे राखून ठेवलेला असतो.

वटवण्याच्या वाटेवर आणखी तीन अडथळे आहेत. पहिला जागांचा. विमानात रिकाम्या जागा असल्या, तरी त्या सर्व मैलांवर मिळत नाहीत. भागीदार कंपनीच्या सदस्यांसाठी किती जागा खुल्या करायच्या, हे विमान चालवणारी कंपनी ठरवते, आणि दिवाळी वा उन्हाळ्याच्या सुटीत त्या हाती लागणे कठीण असते. दुसरा अडथळा रोख रकमेचा. 'मोफत' तिकिटावरही कर आणि अनेकदा इंधन अधिभार भरावा लागतो. तिसरा मुदतीचा. सिंगापूर एअरलाइन्सच्या योजनेत मैल साधारणतः तीन वर्षांत बाद होतात, तर युनायटेडने २०१९ मध्ये मुदतीची अट काढून टाकली. एकाच आघाडीत असे परस्परविरोधी नियम नांदतात.

गोंदियाच्या प्रवाशापुढे चौथा अडथळाही असतो. बिरसीहून हैदराबादपर्यंत एका कंपनीचे तिकीट आणि तेथून पुढे मैलांवर काढलेले आघाडीचे तिकीट, असे दोन वेगळे करार त्याला करावे लागतात. पहिल्या विमानाला उशीर होऊन पुढचे विमान चुकले, तर दुसऱ्या कंपनीवर त्याची जबाबदारी येत नाही. सामान थेट अंतिम ठिकाणी पोहोचण्याची हमीही राहत नाही. त्यापेक्षा सुमारे १३० किलोमीटरचा रेल्वेप्रवास करून नागपूरहून एकाच तिकिटावर निघणे अधिक सुरक्षित ठरते. जवळच्या विमानतळाला डावलून दूरच्या विमानतळावर जाणे शहाणपणाचे ठरावे, ही प्रादेशिक विमानसेवेची मोठीच शोकांतिका म्हणावी लागेल.

कंपनी बुडाली तर?

मैल म्हणजे पैसा नव्हे. ते कंपनीने दिलेले वचन आहे. 'किंगफिशर' १० फेब्रुवारी २०१२ रोजी 'वनवर्ल्ड'मध्ये दाखल होणार होती. जेमतेम आठवडाभर आधी हा प्रवेश लांबणीवर पडला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कंपनीची विमाने जमिनीवर आली. सदस्यांचे मैल कवडीमोल झाले. 'जेट एअरवेज'ची उड्डाणे १७ एप्रिल २०१९ रोजी थांबली. तिची मैल योजना वेगळ्या कंपनीकडे असल्याने ती 'इंटरमाइल्स' या नावाने टिकली. परंतु ज्या विमानांसाठी मैल साठवले, तीच राहिली नव्हती. याउलट १२ नोव्हेंबर २०२४ रोजी 'विस्तारा' एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा आघाडीबाहेरच्या या कंपनीच्या सदस्यांचे गुण आघाडीतील कंपनीच्या खात्यात आले आणि त्यांचा उपयोग वाढला. या योजनेचे नाव पुढे २०२५ मध्ये 'महाराजा क्लब' झाले. तोटा असो वा लाभ, दोन्ही वेळा निर्णय सदस्यांच्या हातात नव्हता.

कंपन्यांच्या दृष्टीने हे वचन किती मौल्यवान असते, हे करोनाकाळात दिसून आले. जून २०२० मध्ये युनायटेडने आपली मैल योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलरचे कर्ज उभारण्याचे ठरवले, तेव्हा त्या योजनेचे मूल्य सुमारे २२ अब्ज डॉलर सांगण्यात आले. विमाने उभी असतानाही मैलांची विक्री हा सुरू राहू शकणारा धंदा होता, कारण बँका हे मैल विकत घेऊन आपल्या कार्डधारकांना देतात. व्यवहार इतका मोठा असेल, तर त्यावर देखरेख नको काय? ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आयोगाने २०१९ मध्ये अशा योजनांची तपासणी करून अहवाल दिला. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये चार मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या योजनांची माहिती मागवली. भारतात विमानाला उशीर होणे, उड्डाण रद्द होणे किंवा प्रवेश नाकारला जाणे यासंबंधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम २०१० पासून आहेत. साठवलेल्या मैलांचे मोल घटवण्यापूर्वी पुरेशी पूर्वसूचना द्यावी, मैलांवरील जागांची उपलब्धता जाहीर करावी आणि कंपनी बंद पडल्यास सदस्यांचे काय होईल हे आधीच स्पष्ट करावे, एवढी अपेक्षा त्याच धर्तीवर ठेवणे गैर ठरू नये.

तोवर प्रवाशाला स्वतःचे हित स्वतःच पाहावे लागेल. खाते निवडताना मैल कोठे लवकर जमतात यापेक्षा ते कोठे आणि कधी वटवायचे आहेत, याचा विचार आधी व्हावा. नागपूरहून 'वनवर्ल्ड'च्या कतार एअरवेजने दोह्यामार्गे एकदा आणि 'स्टार'च्या एअर इंडियाने दिल्लीमार्गे एकदा, असा प्रवास करणाऱ्याचे मैल दोन आघाड्यांत विभागले जातात आणि दोन्हीकडे अपुरे राहतात. तिकीट काढतानाच सदस्य क्रमांक नोंदवावा, वर्ग पाहून घ्यावा, आणि पुरेसे मैल जमताच वापरून टाकावेत. बँकेतील ठेवीवर व्याज मिळते. मैलांच्या ठेवीला काळाबरोबर केवळ घट लागण्याचीच शक्यता अधिक.

धोरणकर्त्यांसाठीही यात बोध आहे. 'उडान'ने छोट्या शहरांत विमान उतरवण्यावर भर दिला. ते उड्डाण पुढच्या प्रवासाशी एकाच तिकिटाने जोडले जाईल काय, हा प्रश्न मात्र मागे पडला. प्रादेशिक कंपन्या आणि मोठ्या कंपन्या यांच्यात संयुक्त तिकिटांचे करार झाले, तर बिरसीहून निघालेल्या प्रवाशाला विमान चुकल्यास संरक्षण मिळेल, त्याचे सामान पुढे जाईल आणि करारात तशी तरतूद असल्यास त्याचे मैलही जमा होतील. सरकारी साहाय्याची मुदत संपल्यावर अशी सेवा तगून राहण्याची शक्यताही त्यामुळे वाढेल. धावपट्टी बांधणे सरकारला जमले, विमान आणणेही जमले. आता बिरसीच्या प्रवाशाला जगापर्यंत नेणारे एकच तिकीट हाती पडणे, ही पुढची पायरी आहे.